मतदारसंघाभोवती एक पिवळी रेघ

वाचकहो, एखाद्या मतदारसंघाचे प्राण वाचविणारा मनुष्य आपण आजवर प्रत्यक्ष पाहिला आहे काय? बुडणाऱ्यास काठावर ओढणारे असतात, छपरावर अडकलेले मांजर उतरविणारे असतात. परंतु अख्खा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला जात असता त्याला बखोटीला धरून परत आणणारा पुरुष क्वचितच जन्मास येतो. तो मी! हे विधान मी गर्वाने करीत नाही. मी इतिहासकार आहे आणि इतिहासकाराने खरे तेच लिहावे, केवळ एवढ्यासाठी करीत आहे.

प्रथम माझा परिचय. माझे सारे आयुष्य शाळेत गेले, मात्र वर्गात फारसे गेले नाही. सातवीत असताना चेंडू आणण्यासाठी मी मैदानावर गेलो, तो परत वर्गात आलोच नाही. आज त्याच मैदानाची निगा मी राखतो. गवत कापणे, पाणी मारणे आणि मुख्य म्हणजे रेघा आखणे हे माझे कार्य. आमच्या उपनगरात कोठेही सरळ रेघ दिसली तर ती माझी समजावी. वाकडी दिसली तर ती दुसऱ्या कुणाची. लोक मला ‘रेघवाले’ म्हणतात. शाळेच्या ग्रंथालयातून बाद झालेले ग्रंथ मी घरी नेऊन वाचतो, त्यामुळे माझ्या भाषेस आपोआप वजन आले आहे. जेवताना मी नुसते मीठ मागितले तरी सभेत ठराव मांडल्यासारखे वाटते, असे आमच्या कुटुंबाचे मत आहे.

आता मतदारसंघाचा परिचय. त्याचा आणि माझा जन्म एकाच दिवशीचा! येथे पहिली निवडणूक झाली त्या दिवशी माझी आई आमच्याच शाळेत मतदानाच्या रांगेत उभी होती. उन्हात तिला कळा सुरू झाल्या. पुढच्यांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली, तेव्हा कुणालाही वाटेल की ती दवाखान्याकडे वळली असेल. नाही! ती मतपेटीकडे गेली. पेटीत आधी मत पडले आणि शेजारच्या वर्गात नंतर मी, हा क्रम ती आजही कुणाला चुकू देत नाही. पुढे त्याच वर्गात मी पाचवीत नापास झालो. परंतु त्यात वर्गाचा काही दोष नव्हता.

सांगण्याचे तात्पर्य, मतदारसंघ हा माझा जुळा भाऊ आहे.

अशा स्थितीत एके दिवशी नगरभवनासमोरून जाताना फलकावर एक सूचना माझ्या दृष्टीस पडली. तिच्यावर हरवलेल्या पोपटाची जाहिरात चिकटवलेली होती, त्यामुळे सर्व लोक पोपट वाचून पुढे जात. मी पोपट वर उचलला आणि खाली पाहतो तो काय! सीमा आयोगाने कळविले होते की आमचा मतदारसंघ विसर्जित करण्याचे योजिले आहे. अर्धा भाग टेकडीवरच्या मतदारसंघास आणि अर्धा गोदामांच्या मतदारसंघास जोडला जाईल. कारण असे की, याची सीमा ज्या ओढ्याच्या मध्यातून जाते असे कागदोपत्री म्हटले आहे, तो ओढा जागेवर आढळत नाही. कुणास हरकत असल्यास पुढील आठवड्यातील शनिवारी नगरभवनात समक्ष सांगावी. हरकत न आल्यास निर्णय कायम.

जुळ्या भावाचे दोन तुकडे करून दोन शेजाऱ्यांना वाटून टाकणार, आणि वर विचारणार, कुणाची हरकत आहे का! माझे डोळे भरून आले. मी पोपट परत नीट चिकटवला आणि तेथेच निश्चय केला की या मतदारसंघाचा साद्यंत इतिहास लिहून शनिवारी आयोगासमोर वाचायचा. ज्याला इतिहास आहे त्याला कोण पुसू शकतो?

त्या रात्री जेवताना मी प्रकरण पहिले घरी वाचून दाखविले. श्रोते तीन होते: आई, कुटुंब आणि कुटुंबाचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे मेहुणे. मेहुणे सध्या दोन नोकऱ्यांच्या मध्ये आहेत, आणि हे ‘मध्ये’ बरेच लांबलेले आहे.

इतिहास थोडक्यात असा. पूर्वी येथे वीटभट्ट्या होत्या. शहरात माणसे मावेनाशी झाली तेव्हा ती इकडे सरकली, भट्ट्यांच्याच विटांनी घरे झाली आणि माती काढून पडलेल्या खड्ड्यांना गल्ल्या म्हणण्यात येऊ लागले. शासनाच्या लक्षात आले की एक आमदार पोसता येईल इतकी माणसे येथे झाली आहेत. मग ओढ्याच्या काठाने हद्द आखली. पहिल्या नकाशात आमचा मतदारसंघ बसलेल्या म्हशीसारखा दिसे. पहिल्या पुनर्रचनेत तिची शिंगे गेली, दुसरीत शेपूट टेकडीला दिले. आता ती म्हैस कोणत्याच प्राण्यासारखी दिसत नाही. परंतु जिवंत आहे.

पहिले आमदार दंतवैद्य होते. ते पुनःपुन्हा निवडून आले, कारण त्यांची प्रचाराची पद्धत अभ्यास करण्याजोगी होती. रुग्णाचे तोंड पूर्ण उघडलेले असताना ते हातात पक्कड घेऊन विचारीत, “मत आपल्यालाच ना?” रुग्ण जो काही आवाज काढील तो होकार धरला जाई.

“माझी चांगली दाढ काढली होती त्यानं,” आई म्हणाली. “किडलेली तशीच ठेवली. ते घातलंस का त्यात?”

मी तळटीप घातली.

दुसरे आमदार बसचे वाहक. सभागृहात त्यांनी काय भाषणे केली ते सापडत नाही, परंतु त्यांनी उपनगरात जागोजाग बसथांबे बांधले. जेथे बस कधी आली नाही, येऊ शकत नाही, अशा गल्ल्यांतही बांधले. तेथे आज बायका भाजी निवडतात, म्हातारे वर्तमानपत्र वाचतात, आणि निदान दोन विवाह त्या बाकांवर जमले आहेत. त्यांच्यानंतर दंतवैद्यांचे चिरंजीव आणि रोपवाटिकेच्या मालकीणबाई यांना समसमान मते पडली. निवडणूक अधिकाऱ्याच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि बाई निघाल्या. बाईंनी रस्तोरस्ती झाडे लावली. ती इतकी फोफावली की चौकातला सिग्नल पानांआड गेला, आणि तेव्हापासून आमच्याकडे लाल व हिरवा असा भेदभाव पाळला जात नाही. विद्यमान आमदारांविषयी एकच वाक्य लिहिले: त्यांना टेकडीवर अधिक सुरक्षित जागा मिळणार असल्याने ते या विषयावर मौन पाळून आहेत.

वाचन संपले. मी कौतुकाच्या अपेक्षेने सर्वांकडे पाहिले. आमचे कुटुंब ताटे उचलता उचलता म्हणाले, “सगळं चांगलंय हो. पण हा मतदारसंघ सुरू कुठून होतो आणि संपतो कुठे, ते एकाला तरी माहितीये का?”

प्रश्न साधा होता, परंतु चेंडू पोटात बसावा तसा बसला. दुसऱ्या दिवशी मी चाचणी घेतली. औषधवाल्यांना विचारले, आपण कोणत्या मतदारसंघात आहात? ते म्हणाले, आधी चिठ्ठी दाखवा. केस कापणाऱ्या बाईंना विचारले, त्या म्हणाल्या, मान हलवू नका. ज्या देशाची सीमा त्याच्या प्रजेलाच ठाऊक नाही, त्या देशासाठी लढणार कोण? तेव्हा माझ्या मस्तकात तो विचार चमकला. शाळेच्या कोठीत बास्केटबॉलच्या मैदानाचा पिवळा रंग डबेच्या डबे उरला होता. मुख्याध्यापक तो फेकून द्या म्हणून कितीदा म्हणाले होते. रेघा मारण्याचे चाकांचे यंत्र माझ्याकडे होते. या हातांनी जन्मभर मुलांच्या खेळाच्या हद्दी आखल्या; आता मतदारसंघाचीच हद्द आखायची! शनिवारी इतिहास वाचून झाला की मी खिडकीबाहेर हात करून म्हणणार होतो, “पाहा, ती आपली सीमा!” योजना इतकी भव्य होती की मला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

ओढा शोधणे अवघड गेले नाही. तो कधीच नळांत घालून रस्त्याखाली पुरला होता. परंतु आईला त्याचे प्रत्येक वळण पाठ होते. “बेकरीच्या मागून यायचा, औषधवाल्याला डावीकडे ठेवायचा, आणि आपल्या घराच्या मागून जायचा,” ती म्हणाली. “तुझी लंगोटी त्यात वाहून गेली होती. पार टेकडीवाल्यांच्या हद्दीत सापडली.” मी हाही संदर्भ टिपून घेतला.

रविवारी सकाळी मी आणि मेहुणे निघालो. अंगात मैदानावरची चकचकीत पट्ट्यांची केशरी जाकिटे होती. वाचकहो, एक शोध मी जगाला विनामूल्य देतो: ज्याच्या अंगात असे जाकीट आणि हातात यंत्र आहे, त्याला कुणी काहीही विचारीत नाही! चौकात वाहतुकीच्या हवालदाराने तर शिट्टी फुंकून आमच्यासाठी दोन्ही बाजूंची वाहने थांबविली आणि “सावकाश करा” म्हणून धीरही दिला.

जे थोडे लोक विचारीत, त्यांच्यासाठी मी मेहुण्यांना आधीच बजावले होते की गुपित फोडायचे नाही. शनिवारी सर्वांना एकदमच आनंद द्यायचा. मेहुण्यांना आयुष्यात प्रथमच एखादे गुपित सांभाळायला मिळाले होते, आणि ते त्यांनी फार गंभीर चेहऱ्याने सांभाळले. कुणी विचारले की ते आधी रेघेकडे पाहत, मग त्या माणसाच्या घराकडे, मग एक सुस्कारा सोडून म्हणत, “आम्हाला बोलायची परवानगी नाही. शनिवारी नगरभवनात या, सगळं कळेल.”

असे करीत करीत आम्ही सारे उपनगर पालथे घातले, आणि शुक्रवारी शेवटच्या तुकड्याशी आलो. तो तुकडा म्हणजे आमचे घर. ते गल्लीच्या टोकाला एकटेच आहे. पुढे गल्ली, मागे एक चिंचोळी बोळ, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे ओढा त्या बोळीतून जाई. म्हणजे रेघ घरामागून जायला हवी होती. परंतु घराची मागची भिंत मेहुण्यांनी नुकतीच आकाशी रंगविली होती. त्यांच्या हातून पूर्ण झालेले ते पहिले काम. बोळीत यंत्र घातले तर पिवळे शिंतोडे भिंतीवर उडणार हे उघड होते, आणि आमचे कुटुंब कमरेवर हात ठेवून बोळीच्या तोंडाशीच उभे होते.

“भिंतीवर एक ठिपका जरी उडाला ना,” ती शांतपणे म्हणाली, “तर तुमचा इतिहास मी लिहीन.”

मी पराक्रमी आहे, अविचारी नाही. मी रेघ घराच्या मागून न नेता पुढच्या गल्लीतून वळवून घेतली. एका घराचा तर प्रश्न! मतदारसंघाच्या मानाने घर म्हणजे मैदानावरचे गवताचे पाते. येथे रेघ मागे आहे असे समजावे, असे शनिवारी तोंडी सांगून टाकू, असा मी विचार केला.

दरम्यान उपनगरात काय घडत होते याची मला कल्पना नव्हती. बेकरीच्या रस्त्यावर लोकांनी ठरविले होते की येथे वाहने उभी करण्यास बंदी होणार. चाळीच्या रांगेत ठरले की रस्ता रुंद होणार आणि रेघेपर्यंतचे ओटे तुटणार. केस कापणाऱ्या बाईंच्या बाजूला तर रेघेपलीकडचे सर्वच पाडणार अशी पक्की बातमी होती. ती त्यांना औषधवाल्यांनी सांगितली होती, आणि औषधवाल्यांना त्यांनीच आदल्या दिवशी सांगितली होती. मेहुण्यांच्या सुस्काऱ्याची कीर्ती घरोघर पोचली होती. एका आजोबांनी म्हणे कपाट आवरायला घेतले होते.

शनिवार उजाडला. मी इस्त्रीचा सदरा घालून, इतिहास काखेत मारून, सहकुटुंब नगरभवनाच्या दाराशी आलो आणि थबकलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती! खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्या भरल्या होत्या, जिन्यावर लोक लटकले होते. सारे उपनगर लोटले होते, आणि कुणासाठी? इतिहासासाठी! आपले लोक वरवर उदासीन दिसतात, परंतु अंतर्यामी त्यांना ज्ञानाची केवढी भूक आहे!

व्यासपीठावर आयोगाच्या अध्यक्षबाई आणि त्यांचे दोन सहकारी भेदरून बसले होते. बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. मागाहून त्यांनी सांगितले की इतर गावी त्यांच्या सुनावणीला चार-सहा माणसे येत, त्यांतील काही जण पंख्याखाली बसायला. हरकत कुणाची आहे, असे त्यांनी विचारले. मी हात वर केला, पुढे गेलो आणि खणखणीत आवाजात आरंभ केला: “जेव्हा ही भूमी वीटभट्ट्यांच्या धुराने...”

“धूर राहू दे,” मागून औषधवाले उठले. “आधी सांगा, ती पिवळी रेघ कशाची?”

सभागृहातून त्याच प्रश्नाचा लोंढा आला. चाळ कधी पाडणार? नोटीस का दिली नाही? गाड्या कुठे लावायच्या? बाईंनी टेबलावर हातोडी आपटली, आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहून विचारले की ही कोणती रेघ, आणि ती कुणी मारली.

वाचकहो, माझ्या खिडकीबाहेर हात करण्याच्या योजनेचे बारा वाजले! जाकिटाशिवाय मी किती लहान दिसतो ते मला त्या क्षणी उमगले. मी सांगितले. ती रेघ म्हणजे आपल्या मतदारसंघाची सीमा आहे, ती मी आखली आहे, आणि कुणाचाही ओटा पडणार नाही.

मी मेहुण्यांकडे पाहिले. ते दाराकडे पाहत होते.

“म्हणजे पाडापाडी नाही?” औषधवाल्यांनी विचारले.

“नाही.”

“गाड्यांना बंदी?”

“नाही.”

औषधवाल्यांनी दीर्घ श्वास घेतला. आता मला मार पडणार की नुसत्या शिव्या, एवढाच प्रश्न उरला होता. परंतु त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली आणि ते म्हणाले, “मग माझं दुकान रेघेच्या आत आहे की बाहेर?”

“आत,” मी म्हणालो.

“आत!” त्यांनी सभोवार पाहिले, सदरा खाली ओढला आणि एखादी पदवी मिळाल्यासारखे खाली बसले.

लगेच केस कापणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचे दुकान औषधवाल्यांच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. “आणि मी?”

“आपण बाहेर.”

“का? माझ्यात काय कमी आहे?” बाई कडाडल्या. “हे कालपरवा आले ते आत, आणि मी पंचवीस वर्षं तुमची डोकी सांभाळते, ती बाहेर?”

झाले! जो मतदारसंघ आठवड्यापूर्वी कुणास ठाऊक नव्हता, त्यात आपण आहोत की नाही यासाठी सारे सभागृह उठले. जे आत होते ते एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. जे बाहेर होते ते अपमानाने लाल झाले. आतल्यांना आतलेपण टिकवायचे होते, बाहेरच्यांना आत यायचे होते, आणि मतदारसंघच पुसून टाकण्याचा बेत आहे असे मी ओरडून सांगितले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकच आवाज उठला की पुसून दाखवा! त्या भरात मी इतिहास उघडला. दंतवैद्यांच्या तळटिपेपाशी आलो तेव्हा खिडकीत बसलेले एक आजोबा कापऱ्या आवाजात म्हणाले, “माझीही चांगलीच काढली होती.” त्यांच्यामागून आणखी कितीतरी जणांनी आपल्या गालाला हात लावला. बसथांब्यांचे प्रकरण आले तेव्हा एक नवरा-बायको लाजून उभे राहिले. त्या दोन विवाहांपैकी एक त्यांचा होता. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. वाहक कुणाचा तरी मामा निघाला. मला सांगायला अभिमान वाटतो की माझ्या ग्रंथातील एकही ओळ त्या दिवशी वाया गेली नाही!

शेवटी अध्यक्षबाईंनी सर्वांना बसविले. त्या म्हणाल्या की लोकांना हा मतदारसंघ हवा आहे हे दिसतेच आहे. अडचण फक्त सीमेची होती. ओढा हरवला म्हणून सीमा हरवली, सीमा हरवली म्हणून मतदारसंघ ठेवता येईना. आता सीमा रस्त्यावर डोळ्यांनी दिसते आहे. ती बरोबर असेल तर आयोग तीच कायम करील.

“अहो रेघवाले,” त्या मला म्हणाल्या, “ही रेघ जुन्या ओढ्यावरूनच गेली आहे? सगळीकडे?”

मी तोंड उघडले. येथे ते एका घराचे सांगायचे होते, वाचकहो. शब्द ओठांवर आलेही होते. इतक्यात केस कापणाऱ्या बाई पुन्हा उठल्या आणि बोट माझ्यावर रोखून म्हणाल्या, “कुठे एक वीतभर जरी चुकली असेल ना, तर माझ्याकडेही चुकलीच आहे. मग सगळी नव्याने मोजा.” बाहेरचे सगळे त्यांच्यामागे उभे राहिले. आयोगाच्या एका सहकाऱ्याने घड्याळाकडे पाहून टाचण मिटायला सुरुवात केली.

मी तिसऱ्या रांगेत पाहिले. तेथे आमचे कुटुंब बसले होते. आकाशी भिंत आणि पुढची गल्ली तिलाही आठवली असावी, कारण तिने पदर तोंडाशी धरला होता. शेजारी आई. तिने त्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीपासून एकही मत चुकविले नव्हते. तिला काहीच ठाऊक नव्हते; ती माझ्याकडे पाहून अभिमानाने मान डोलावीत होती.

एकीकडे एक घर, दुसरीकडे जुळा भाऊ. मी छाती पुढे काढली.

“इंच न इंच बरोबर आहे,” मी म्हणालो.

हातोडी पडली. मतदारसंघ वाचला! लोकांनी मला खांद्यावर उचलले. औषधवाल्यांनी एक खांदा दिला, आणि केस कापणाऱ्या बाईसुद्धा, बाहेरच्या असूनही, मोठ्या मनाने टाळ्या वाजवीत होत्या. त्या उंचीवरून मी खिडकीबाहेर पाहिले. नगरभवनासमोरून माझी रेघ उन्हात झळकत वळणापर्यंत गेली होती, आणि तिच्यावर एकही गाडी उभी नव्हती.

घरी पोचल्यावर कुटुंबाने दार लावले आणि आईला सर्व समजावून सांगितले. आईने विचारले की आता मतदानाला कुठे जायचे. मी म्हणालो, टेकडीवर. तेथे एक प्रशस्त मंगल कार्यालय आहे, हवाही चांगली आहे. तिने गुडघ्यावर हात ठेवले.

“तुला आत जन्माला घालायला मी रांग मोडली होती,” ती म्हणाली. “आणि तू आम्हाला बाहेर काढलंस.”

“भिंत तरी वाचली,” मेहुणे म्हणाले. त्यांना त्या दिवशी जेवायला उशिरा मिळाले.

पुढे आयोगाचा आदेश निघाला. त्यात सीमेचे वर्णन करताना ‘ओढ्याच्या मध्यातून’ हे शब्द काढून ‘रस्त्यावरील पिवळ्या रेघेने’ असे घातले आहे. एका रेघ मारणाऱ्याची रेघ शासनाच्या आदेशात छापून यावी, याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही. दर वर्षी ती नव्याने रंगविण्याचे काम माझ्याकडेच आले आहे, आणि तिला कुणी बोट लावू देत नाही. आतले तर नाहीतच, बाहेरचेही नाहीत. केस कापणाऱ्या बाईंनी दुकानावर पाटी लावली आहे: ‘सीमेवरील एकमेव केशकर्तनालय’.

यंदा निवडणूक झाली. शाळेत मतदान केंद्र असल्याने सारी आखणी अर्थातच माझ्याकडे होती. रांगेच्या पट्ट्या मी आखल्या. वयस्करांसाठी वेगळी पट्टी, गरोदर स्त्रियांसाठी आणखी वेगळी, तीही आईच्या सांगण्यावरून. शेवटी केंद्राधिकारी म्हणाले की फाटकाशी एक जाड रेघ मारा. या मतदारसंघाचे मतदार तेवढे आत येतील, बाकी कुणी ती ओलांडायची नाही. मी ती मारली. यंत्र बंद केले, मागे वळून पाहिले. जन्मात आली नसेल इतकी सरळ आली होती!

मग त्यांनी माझे ओळखपत्र पाहिले, आणि अगदी अदबीने मला तिच्या बाहेर उभे केले.